मधल्या फळीतला माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी भाषण करावयाचे म्हणजे विषयही तसाच भारदस्त हवा, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती वाजवी आहे. संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास, नाट्यसंगीत यांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ चांगले बोलले गेले आहे. कार्यवाहांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘इटलीतील एक फुटबॉलपटू’ असे उत्तर दिले. दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. मग त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, ‘म्हणजे प्रवासवर्णन का?’ तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की आम्ही इटली पाहिलेली नाही. जे काही जाणतो ते वाचून, दूरचित्रवाणीवर पाहून आणि या कोलकाता शहरातील सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकून.

आमचा पिंड क्रिकेटचा. आपल्यापैकी कोल्हापूरकर मंडळी सोडली, ज्यांच्याकडे पेठापेठांतील तालमींचे फुटबॉलसंघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामन्याच्या दिवशी गाव लोटते, तर बहुतेकांचे तसेच असावे. येथे बदलून आल्यावर आम्हांला कळले की मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल यांचा सामना असला की कचेरीतील माणसे शरीराने खुर्चीवर आणि मनाने युवभारती क्रीडांगणावर असतात. अशाच एका सामन्याला सहकाऱ्यांनी आम्हांला ओढून नेले. आमची नजर स्वाभाविकपणेच चेंडूमागे आणि गोलाकडे. शेजारी बसलेले एक निवृत्तीला टेकलेले अधीक्षक म्हणाले, ‘साहेब, गोल कोण मारतो ते उद्या वर्तमानपत्रात वाचायला मिळेलच. आता मधे पाहा.’ आम्ही मधे पाहू लागलो, आणि तेव्हापासून आमचे फुटबॉल पाहणे बदलले ते आजतागायत.

मधल्या फळीतला खेळाडू म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी. पण आमच्या भगिनींपैकी काहींनी डोळे मोठे केलेले दिसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. मागे बचाव करणारे, पुढे चाल करणारे, आणि या दोहोंच्या मधला जो विस्तीर्ण पट्टा तो सांभाळणारे हे मधल्या फळीचे. त्यातही दोन जाती. एक कल्पक, तो चेंडू अंगठ्याएवढ्या फटीतून पुढच्याच्या पायाशी पोहोचवतो आणि टाळ्या घेतो. दुसरा राबणारा, तो प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घेतो, दोन पावलांवरच्या आपल्या कल्पक गड्याला देतो आणि पुन्हा धावू लागतो. इटालियन भाषेत या दुसऱ्याला ‘मेदियानो’ म्हणतात. १९८२ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघात गाब्रिएले ओरियाली नावाचा असा एक गडी होता. लुचियानो लिगाबुए या गायकाने १९९९ साली या मेदियानोच्या जिण्यावर एक गाणे केले, त्यात ओरियालीचे नाव घातले, आणि ते इटलीभर गाजले. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईवर गाणे व्हावे तसाच हा प्रकार.

आमचा नायक या दुसऱ्या जातीचा. नाव दामियानो तोमासी. जन्म १७ मे १९७४, वेरोना प्रांतातील नेग्रार या गावी; बालपण वेरोनाच्या उत्तरेस डोंगरात वसलेल्या सांत आन्ना द'आल्फाएदो या खेड्यात. वेरोना म्हणजे शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटचे गाव. आदिजे नदीचे वळण, त्यात वसलेले जुने शहर, मधोमध रोमन काळातील प्रचंड वर्तुळाकार प्रेक्षागार. परंतु दामियानो दहा-अकरा वर्षांचा असताना वेरोनात रोमिओपेक्षा फार मोठी गोष्ट घडली. १९८४-८५ च्या हंगामात तेथील हेलास वेरोना हा बेताच्या ऐपतीचा संघ मिलान आणि तुरीन येथील धनाढ्य संघांना मागे सारून देशाचा विजेता झाला. ओस्वाल्दो बान्योली हे त्याचे मितभाषी प्रशिक्षक. त्या वर्षी युव्हेंतसविरुद्ध डेन्मार्कच्या एल्कियरने गोल केला तो बूट निसटून गेलेल्या पायाने. कोलकात्यात हे सांगितले की लोक मान डोलावून १९११ सालावर येतात. त्या वर्षी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवले तेव्हा अकरांपैकी दहा जण अनवाणी होते! असो. वेरोनाच्या त्या पिढीतील पोरांना एक गोष्ट कळली की लहान गावाचा संघही जिंकतो. ते विजेतेपद त्या संघाने पुन्हा कधी मिळवलेले नाही.

तोमासी त्याच हेलास वेरोनाकडून व्यावसायिक खेळाडू झाला. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला होता. १९९६ साली तो पुन्हा पहिल्या श्रेणीत चढला. त्याच वर्षी तोमासी एकवीस वर्षांखालील युरोपीय विजेतेपद मिळवणाऱ्या इटलीच्या संघात होता, अटलांटाच्या ऑलिम्पिकलाही गेला, आणि रोमा या राजधानीच्या संघाने त्याला घेतले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी इटलीत तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. नामांकित खेळाडूंसाठी लष्कराची क्रीडापथके असत. तेथे गणवेश घालून बहुतांशी खेळच खेळायचा. १९७२ च्या कायद्याने एक दुसरी वाटही खुली केली होती : शस्त्र धरणे ज्याच्या सद्सद्विवेकबुद्धीस पटत नाही, त्याने त्याऐवजी नागरी सेवा करावी. तोमासीने ही वाट घेतली आणि ‘कारितास’ या कॅथलिक सेवासंस्थेत काम केले. वय विशीचे, व्यवसायात नुकताच पाय टाकलेला, आणि सोयीची वाट समोर असताना तो गैरसोयीची निवडतो. यात आम्हांला पुढच्या साऱ्या चरित्राची किल्ली दिसते असे म्हणणार होतो. पण तसे म्हणणे हा चरित्रकारांचा जुना दोष आहे. माणसे आयुष्यात किल्ल्या घेऊन हिंडत नाहीत. एवढेच म्हणू की हा गडी आपल्याच हिशेबाने चालणारा होता.

रोममध्ये त्याचे स्वागत शिट्ट्यांनी झाले. इटलीत शिट्टी हे कौतुक नव्हे, निषेध आहे. ऑलिम्पिको क्रीडांगणावरील प्रेक्षकांना त्याचे साधे, कष्टाळू, अलंकारहीन खेळणे रुचेना. अशा वेळी झ्देनेक झेमान हे मूळचे प्रागचे प्रशिक्षक आले. हे गृहस्थ खेळाडूंना प्रेक्षागाराच्या पायऱ्या इतक्या वेळा चढा-उतरायला लावीत की भल्याभल्यांच्या पोटऱ्या भरून येत. तोमासीसारख्याला ते मानवले. झेमान यांनी शिट्ट्यांना भीक न घालता त्याला खेळवीत ठेवले. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. पुढे पुढे तर याच रोमाच्या लोकांनी त्याला निर्मळ मनाचा माणूस अशा अर्थाचे लाडके टोपणनाव दिले. कुरळ्या केसांचे जंगल, दाढी, आणि मैदानभर चाललेली अखंड धाव अशी त्याची मूर्ती आमच्या डोळ्यांसमोर आहे.

२०००-०१ हे त्याचे सुगीचे वर्ष. प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो. पुढे तोत्ती, बातिस्तुता, मोंतेल्ला. मधल्या फळीचा आधार म्हणून विकत घेतलेला ब्राझीलचा एमर्सन हंगामाच्या तोंडीच गुडघा दुखावून बसला आणि सारा भार तोमासीवर आला. १७ जून २००१ रोजी ऑलिम्पिकोवर रोमाने पार्माला तीन विरुद्ध एक असे हरवले आणि विजेतेपद मिळवले. गोल कुणी केले? तोत्ती, मोंतेल्ला, बातिस्तुता. आमच्या अधीक्षकांचे म्हणणे खरे ठरले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ते वाचायला मिळाले.

पुढच्या वर्षी विश्वचषक. १८ जून २००२, दक्षिण कोरियातील देजॉन हे शहर, यजमान देशाशी गाठ. व्हिएरीने इटलीला आघाडी मिळवून दिली, सामना संपायला दोन मिनिटे उरली असता कोरियाने बरोबरी साधली. जादा वेळात नियम असा की पहिला गोल होताच सामना संपला. त्याला सुवर्णगोल म्हणत. एक्वादोरचे पंच बायरन मोरेनो यांनी तोत्तीला बाहेर काढले. दहा जणांनिशी खेळत असताना एक चेंडू बचावफळीतून पुढे सरकला, आणि त्यावर धावला तो आमचा मेदियानो. गोलरक्षकाला चुकवून त्याने चेंडू जाळ्यात घातला. निशाण वर गेले होते. ऑफसाइड! काही मिनिटांनी कोरियाच्या आन जुंग-ह्वानने डोक्याने गोल केला आणि इटली घरी गेली. सबंध आयुष्य दुसऱ्याच्या पायाशी चेंडू नेऊन देण्यात घालवलेल्या माणसाला एकदाच देशाचा तारणहार होण्याची संधी आली, आणि ती एका निशाणाने पुसली. इटलीकडून तो एकूण पंचवीस सामने खेळला. पण बाहेरच्या जगाला आठवतो तो न झालेला गोल.

आता मूळ विषयाकडे येतो. वास्तविक याचसाठी हे भाषण योजले.

२००४ च्या उन्हाळ्यात, हंगाम सुरू होण्यापूर्वी, स्टोक सिटी या इंग्लिश संघाशी एक साधा सरावाचा सामना होता. त्यात तोमासीच्या गुडघ्यावर आघात झाला आणि सांधा पार मोडून गेला. वय तीस. संपूर्ण २००४-०५ चा हंगाम तो मैदानाबाहेर होता. तो हंगाम रोमालाही ग्रहणाचाच गेला. एका वर्षात चार प्रशिक्षक झाले. आपल्या कचेरीत एका वर्षात चार संचालक आले तर काय होते याची कल्पना येथे पुष्कळांना असेल. जून २००५ च्या अखेरीस तोमासीचा करार संपला. गुडघा बरा होत होता, पण खेळेल की नाही याची हमी कुठल्याही वैद्याजवळ नव्हती. अशा वेळी रीत अशी की संस्था हात झटकते आणि खेळाडू जेथे मिळेल तेथे आसरा शोधतो.

तोमासीने रोमाला कळवले ते असे : मला खेळाडूंच्या सामुदायिक करारात जे किमान वेतन ठरले आहे त्यावर ठेवा. ते होते महिना दीड हजार युरो. त्याच संघात त्याच्या शेजारी कपडे बदलणारे गडी वर्षाला दशलक्षांत मोजून घेत होते. संस्थेने मान्य केले. त्या शरदात तो मैदानात परतला.

आपल्यापैकी हिशेबी मंडळींनी मनातल्या मनात गुणाकार केलाच असेल. त्या वेळच्या भावाने दीड हजार युरो म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये. त्या काळी भारत सरकारच्या मंत्रिमंडळ सचिवाचे मूळ वेतन महिना तीस हजार होते! तेव्हा फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण इटलीत तो एखाद्या कारखान्यातील कामगाराचा पगार होता, हेही ध्यानात घ्यावे.

या गोष्टीवरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून संपलेला नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, याआधी आठ-नऊ वर्षे त्याने भरपूर मिळवले होते, घरात खायची ददात नव्हती. अशाने पगार सोडला तर त्यात मोठेपणा कसला? मोठेपणा त्याचा, जो पुढच्या महिन्याच्या वाणसामानाची चिंता असताना सोडतो. हा आक्षेप बिनतोड आहे आणि आम्ही तो मान्य करतो. आमच्या चिरंजिवांचा आक्षेप निराळा आणि आम्हांला अधिक बोचणारा : एकाने कमी पगारावर राबायचे ठरवले की मालक दुसऱ्याला म्हणतो, तो बघ, तो तयार आहे. उदार माणूस नकळत आपल्या सहकाऱ्यांचा भाव पाडतो. कर्मचारी संघटनेत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना या म्हणण्याचे वजन कळेल.

यावर आमचे उत्तर पूर्वी नुसते भावनेचे होते. ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व तो स्वतःच्या बाबतीत पाळतो, एवढेच आम्ही म्हणत असू. सरकारी नोकराच्या तोंडी हे तत्त्व फारसे शोभत नाही, हा टोमणा तत्काळ मिळे. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली. एरवी ती या व्यासपीठावर सांगितली नसती.

काही वर्षांपूर्वी अपघातात आमची मांडी मोडली. अर्जित रजा संपली, अर्धपगारी रजा संपत आली, आणि आठ महिन्यांनी कुबडी घेऊन आम्ही कचेरीत रुजू झालो. कोणती कचेरी, कोणते शहर, ते सांगण्यात अर्थ नाही. आमच्या टेबलावर दुसरे गृहस्थ बसले होते. वरिष्ठांनी आस्थेने विचारपूस केली, चहा मागवला, आणि म्हणाले, ‘घाई काय आहे? येत जा, बसत जा. पगार तर चालूच आहे.’ त्या वाक्यात दुष्टावा नव्हता, उलट दयाच होती. खिडकीजवळ एक टेबल मिळाले. त्यावर एकही फाइल येत नसे. चार महिने आम्ही त्या टेबलापाशी पूर्ण पगारावर बसलो. पगार घेताना एवढे अवघडल्यासारखे आम्हांला नोकरीत कधीच झाले नव्हते. शेवटी आम्ही स्वतःच शेजारच्या विभागात जाऊन, तुंबलेल्या जुन्या प्रकरणांचा एक गठ्ठा मागून आणला. आमच्या वयाचा अधिकारी कनिष्ठ लिपिकाची कामे मागतो, याचे लोकांना हसू आले असेल.

तेव्हा प्रथम आमच्या ध्यानात आले की तोमासीने पगार सोडला हा त्या गोष्टीचा गौण भाग आहे. त्याने मागितले होते ते मैदान. सरावाला सर्वांबरोबर जाण्याचा, कपड्यांच्या खोलीत आपल्या खुंटीला सदरा अडकवण्याचा हक्क त्याला हवा होता. पैशाचा प्रश्न त्यात अडथळा होऊ नये म्हणून त्याने तो वाटेतून बाजूला केला, इतकेच.

आणि चिरंजिवांच्या आक्षेपाला खरे उत्तर पुढच्या इतिहासाने दिले. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इटलीत पूर्वी खेळाडू आणि संस्था यांचे नाते वेठीचे होते. खेळाडूच्या नोंदणीचे कार्ड संस्थेच्या ताब्यात. करार संपला तरी सुटका नाही. संस्था त्याला दुसरीकडे विकी आणि त्याचे त्यालाच पुष्कळदा वर्तमानपत्रातून कळे. आपण येथे जमलेले बहुतेक जण बदलीच्या हुकुमानेच या परमुलखात आलो आहोत. पण आपल्याला निदान हुकुमाची प्रत मिळते आणि राजीनाम्याची मुभा असते! १९६८ साली मिलान येथे काही खेळाडूंनी संघटना स्थापली. रिवेरा, मात्सोला यांसारखे त्या वेळचे अव्वल खेळाडू तिच्या संस्थापकांत होते. अध्यक्ष झाले सेर्जिओ कांपाना. पूर्वीचे खेळाडू आणि पेशाने वकील. या कांपानांनी तब्बल त्रेचाळीस वर्षे ती संघटना चालवली. १९८१ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्याने खेळाडू हा कामगार ठरला आणि ते जुने बंधन उठवण्याचा मार्ग मोकळा झाला. किमान वेतनाची जी पायरी तोमासीने २००५ साली दाखवली, ती अशा संघटित प्रयत्नांतूनच बांधली गेली होती. तो त्या पायरीवर उतरला; तिच्या खाली उतरला नाही. चिरंजिवांना आम्ही हे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, ‘बरे, अर्धा मुद्दा तुमचा.’

रोमाकडून त्याने तो एक हंगाम खेळून काढला. त्याच हंगामात रोमाने लागोपाठ अकरा सामने जिंकले. २००६ साली तो दहा वर्षांचे घर सोडून स्पेनमध्ये वालेन्सिया येथील लेवान्ते या संघाकडे गेला. आणि दैवाचा खेळ पाहा : दुसऱ्या वर्षी ती संस्थाच कर्जात बुडाली. खेळाडूंचे पगार महिनोन्महिने थकले, संपाची भाषा निघाली, संघ तळाला जाऊन खालच्या श्रेणीत उतरला. ज्याने स्वखुशीने पगार सोडला होता, त्याला आता कमावलेला पगार बुडणे म्हणजे काय ते कळले. या दोन गोष्टींतले अंतर मोठे आहे, आणि त्याच्याइतके ते कुणाला ठाऊक असणार! नंतर लंडनमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सकडे थोडे दिवस, मग चीनमध्ये त्यानजिनला एक हंगाम. त्यातले सांगण्यासारखे विशेष आम्हांजवळ नाही.

२०११ च्या मे महिन्यात कांपानांनी सूत्रे खाली ठेवली आणि खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून तोमासी निवडून आला. तीन महिन्यांत त्याच्यावर अग्निदिव्याचा प्रसंग आला. सामुदायिक कराराची मुदत संपून गेली होती आणि संस्थाचालक नव्यावर सही करीनात. ऑगस्टच्या अखेरीस पहिल्या श्रेणीच्या हंगामाचा पहिलाच आठवडा खेळाडूंनी खेळायला नकार देऊन बंद पाडला. इटली तेव्हा आर्थिक संकटात होती, सरकार सर्वांना पोट आवळायला सांगत होते, आणि हे लक्षाधीश संपावर! लोक संतापले, वर्तमानपत्रांनी झोडपले. वादाचे मुद्दे दोन. एक, सरकारने धनिकांवर बसवू घातलेला जादा कर कुणी भरायचा. याचाच डांगोरा अधिक पिटला गेला, कारण तो कळायला सोपा. दुसरा मुद्दा कराराच्या सातव्या कलमाचा. नको झालेल्या खेळाडूला करार असूनही मुख्य संघापासून वेगळे काढून, एकीकडे सराव करायला लावण्याची मोकळीक चालकांना हवी होती. पगार मिळेल, पण बाकीच्यांत यायचे नाही. खेळाडूंचे म्हणणे, हे चालणार नाही.

आम्ही हे वाचले तेव्हा ते साऱ्या टीकाकारांसारखेच आम्हांलाही लाडावलेल्या पोरांचे खूळ वाटले होते, हे कबूल करतो. पगार तर चालूच आहे ना, मग तक्रार कसली? हेच शब्द आमच्या मनात आले होते, अगदी हेच. पुढे खिडकीजवळच्या त्या टेबलापाशी बसलो तेव्हा ते आठवले आणि वाचलेले कात्रण पुन्हा शोधून काढले. २००५ साली ज्याने पगार बाजूला सारून सर्वांबरोबर खेळण्याची जागा मागितली, तोच २०११ साली सांगत होता की पगार देऊन ती जागा काढून घेता येणार नाही. त्या संपाच्या बाजूने बोलायला त्याच्यापेक्षा योग्य माणूस इटलीत नव्हता. दीड हजार युरोंवर खेळलेल्या माणसाला पैशाचा लोभी कोण म्हणणार? सप्टेंबरच्या आरंभी तडजोड झाली आणि खेळ सुरू झाला.

२०२० पर्यंत तो त्या पदावर होता. मधे २०१५ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, सान मारिनो या चिमुकल्या देशातील ला फियोरिता या हौशी संघाकडून युरोपीय स्पर्धेच्या पात्रताफेरीत तो फादूत्सविरुद्ध उतरला. त्याचा संघ सपशेल हरला. संघटनेचा अध्यक्ष पायात बूट चढवून असे मार खायला जातो, हे आम्हांला फार आवडले. २०१७ च्या नोव्हेंबरात इटली स्वीडनकडून हरून विश्वचषकालाच मुकली. त्या गोंधळानंतर, २०१८ च्या जानेवारीत, राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी जे तिघे उभे राहिले त्यांत तोमासी एक होता. कुणालाच बहुमत मिळाले नाही आणि शेवटी प्रशासक नेमावा लागला. मंडळाच्या निवडणुका आठवून कुणी हसू नये.

आणि जून २०२२ मध्ये वेरोनाच्या नागरिकांनी त्याला आपला महापौर निवडले. अडीच लाखांवर वस्तीचे शहर, तेथील सत्ता पंधरा वर्षे उजव्या बाजूच्या हाती. समोर विद्यमान महापौर. दुसऱ्या फेरीत तोमासीला त्रेपन्न टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली. सहा मुलांचा बाप, डोंगरातील खेड्यातून आलेला, देशोदेशी हिंडून गावी परतलेला. महापौर म्हणून तो कसा निघाला याचा निवाडा वेरोनाकरांनी करावा; गटारे, रस्ते आणि पाणीपट्टी यांत निर्मळ मनाच्या माणसाचेही हात काळे होतात, हे नगरपालिकांशी पत्रव्यवहार करून करून आम्ही जाणतो. ही बातमी आम्ही अधीक्षकांना कळवली. ते आता निवृत्त होऊन बराकपूरला असतात. पलीकडून आवाज आला, ‘महापौर म्हणजे पुढचीच जागा की हो. तिथे त्याची सवय नाही.’

कार्यवाहांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे आणि मागून बटाटेवड्यांचा वास येऊ लागला आहे, तेव्हा थांबतो. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगून ठेवतो : देजॉनच्या त्या गोलाची चित्रफीत आम्ही असंख्य वेळा, थांबवून थांबवून पाहिली आहे. आमच्या मते तो ऑफसाइड नव्हता. सौभाग्यवतींचेही मत, या एका बाबतीत, तेच आहे.